कारणाचा रकाना

मावशी जिना उतरू लागल्या की तळमजल्यावरच्या काकू दारात येत. हातात झाडू असे, झाडणे मात्र चालू नसे. मावशी फाटकाबाहेर पडल्या की काकूंचे वाक्य ठरलेले होते. "निघाली स्वारी! हॉस्पिटलात जायला एवढा थाट, मग लग्नाला काय करत असेल?"

वरच्या गॅलरीतून कुणीतरी उत्तर देई, "अहो काकू, थिएटरात कामाला आहे ना ती. थिएटरात जायचं म्हटल्यावर रंग नको लावायला?"

"म्हातारचळ म्हणतात ह्याला. नवरा गेला, नातू शाळेत जायला लागला, तरी ओठ रंगवायचं काही सुटत नाही."

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, दुसरं काय!"

हे सारे एका गोष्टीमुळे होते. मावशी ओठांना विटकरी लाल रंगाची लिपस्टिक लावत. बाकी त्यांच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. कपडे राखाडी किंवा निळे, इस्त्रीचे. केसांचा घट्ट अंबाडा. पायात सपाट, काळे बूट. पावडर नाही, काजळ नाही, अत्तर नाही. सत्तावन्न वर्षांच्या त्या सडपातळ, सावळ्या बाईच्या चेहऱ्यावर तेवढा एकच रंग होता आणि तो रोज सकाळी सहा वाजता, आजारपण असो की सुतक, न चुकता चढत असे. यजमान गेले त्याच्या चौथ्या दिवशीही त्या कामावर गेल्या, त्या लिपस्टिक लावूनच. काकूंनी ते कधी विसरू दिले नाही.

मी त्याच इमारतीत, त्यांच्याच मजल्यावर राहत असे आणि त्याच रुग्णालयाच्या कार्यालयात लिपिक होते. त्यामुळे मावशींविषयीची दोन्हीकडची बोलणी माझ्या कानांवर पडत. इमारतीत त्या 'लालबाई' होत्या. रुग्णालयात परिचारक बायकांना सगळेच मावशी म्हणतात, पण नुसते 'मावशी' म्हटले की ऑपरेशन थिएटरच्या दारावरच्या याच, हे ठरून गेले होते.

त्यांच्या घरी जाणे-येणे होते. दोन खोल्या, आतल्या खोलीत मुलगा आणि सून, बाहेर मावशी आणि नातू. मुलगा लांब पल्ल्याच्या बसवर चालक असल्याने महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. खिडकीच्या चौकटीला एक हातभर उंचीचा आरसा खिळ्यांनी ठोकलेला होता. घरातल्या बायका आरसा आतल्या भिंतीवर लावतात. हा असा उजेडाच्या तोंडावर का, असे मी एकदा विचारले होते. "ह्यांनी लावून दिला," एवढेच मावशी म्हणाल्या. लिपस्टिक संपत आली की त्या नळीच्या तळातला रंग आगकाडीने कोरून काढत आणि बोटाने ओठांवर पसरवत. त्यात कुठेही लाडिकपणा नसे. गवंडी थापी धुऊन ठेवतो, तशी ती कामाची गोष्ट वाटे.

त्यांचे खरे काम मात्र नेमके उलटे होते. बावीस वर्षे त्या दुसऱ्या बायकांच्या ओठांवरचा रंग पुसत होत्या.

शस्त्रक्रियेला नेण्याआधी रुग्णाला ज्या लहान खोलीत आणतात, ती खोली मावशींची. तिथे एक खाट, एक कपाट, एक पडदा आणि हिरव्या कपड्यांची चळत. रुग्णाची बांगडी, अंगठी, चष्मा, कवळी, नखांचा रंग, ओठांचा रंग, सगळे तिथे उतरते. भूल दिलेला माणूस बोलू शकत नाही. श्वास कमी पडू लागला तर आधी त्याचे ओठ आणि नखे निळसर होतात. यंत्रे कितीही आली तरी भूलतज्ज्ञाची नजर तिथे जातेच, आणि नखावर रंग असला की रक्तातला प्राणवायू मोजायला बोटाला लावलेला चिमटाही कधीकधी चुकीचा आकडा दाखवतो. म्हणून ओठ आणि नखे उघडी हवीत.

ही गोष्ट सांगायला सोपी आहे. पोट उघडून घ्यायला तयार झालेली बाई चेहरा उघडा करायला तयार नसते, हे मावशी पहिल्या वर्षातच शिकल्या होत्या. नवऱ्यानेही कधी न पाहिलेली कवळी काढताना एक मुख्याध्यापिका रडली होती. कित्येक जणी साफ खोटे बोलत. म्हणून मावशी कधी प्रश्नच विचारत नसत. खाटेजवळ बसून त्या म्हणत, "छान शेड आहे हो तुमची. कुठली?" पुढचे आपोआप होई. "विचारलं की बाई नाही म्हणते," त्या मला सांगत. "कौतुक केलं की कंपनीचं नाव सांगते."

रंग पुसून झाला की त्या बाईची लिपस्टिक एका पाकिटात घालून, वर खाटेचा क्रमांक लिहून, ते कपाटात ठेवत. शस्त्रक्रिया झाली, रुग्ण शुद्धीवर आली आणि नातेवाइकांना आत सोडायची वेळ झाली की मावशी ते पाकीट घेऊन हजर. ओल्या कापडाने तोंड पुसायचे, केस बसवायचे, ओठांवर रंग फिरवायचा, मग दार उघडायचे. हे कुठल्या नियमात नव्हते. "आधी चेहरा, मग माणसं," असे त्या म्हणत.

माझ्या आईचे पित्ताशय काढले, तेव्हा मी हे जवळून पाहिले. आई आमच्या खेड्यातली. तिच्या लेखी तोंडाला काही फासणे म्हणजे घराण्याच्या नावाला काळे फासणे. आरशासमोर मी जरा रेंगाळले की ती म्हणे, "बास, झिजेल तो." तिच्या ओठांवर पुसायला काहीच नव्हते. शुद्धीवर आल्यावर मावशींनी तिच्या भेगाळलेल्या ओठांना साधे क्रीम लावले, विस्कटलेले केस मागे घेतले आणि हातातला लहान आरसा समोर धरला. आईने बराच वेळ त्यात पाहिले. "मी अशी दिसते होय," ती म्हणाली. मावशी म्हणाल्या, "अशीच दिसता." गावी परतताना आईने मला हळूच विचारले, ते क्रीम कुठे मिळते.

मावशींच्या निवृत्तीला सव्वा वर्ष राहिले असताना रुग्णालयात नव्या मेट्रनबाई आल्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, शिस्तीच्या. जंतुसंसर्ग कमी करायचा त्यांनी निश्चय केला होता आणि तो योग्यच होता. महिन्याभरात परिपत्रक निघाले. ते मीच टंकलिखित केले होते. नखे कापलेली, केस बांधलेले, हातात-कानात काही नाही, कोणत्याही प्रकारचे प्रसाधन नाही. सर्वांना लागू.

मावशींनी नखे कापली. कानांतल्या बारीक कुड्या काढून ठेवल्या; त्या लग्नानंतर पहिल्यांदाच उतरल्या होत्या. लिपस्टिक राहिली.

मेट्रनबाईंनी त्यांना कार्यालयात बोलावले. माझे टेबल दाराशी होते.

"परिपत्रक वाचलंत ना मावशी?"

"वाचलं मॅडम."

"मग हे काय?"

"मास्क असतो ना तोंडावर. दिसत नाही कुणाला."

"कुणाला दिसत नाही तर लावता कशाला?"

मेट्रनबाई काही दुष्ट नव्हत्या. त्या जरा मऊ होऊन म्हणाल्या, "आमच्या शिकण्याच्या काळात कपाळावर एक बट आली तरी वर्गाबाहेर उभं करायचे. आम्ही मेलो नाही. एकीला सूट दिली की उद्या सगळ्या येतील दारात. माझं ऐका."

मावशींनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्या लिपस्टिक लावून आल्या.

तिसऱ्या ताकिदीनंतरची सकाळ मला विसरता येत नाही. हजेरीच्या वेळी चाळीसेक बायका रांगेत उभ्या होत्या. मेट्रनबाईंनी ट्रेमधून कापसाचा बोळा उचलला, मावशींच्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "पुसा. इथेच."

मावशींनी एकदा त्या बोळ्याकडे पाहिले. मग रोज दुसऱ्यांचे पुसत तसेच, कडेकडून मध्याकडे, सावकाश पुसले आणि हात खाली घेतला.

त्यांचे ओठ जवळजवळ पांढरे होते. वरच्या ओठावर थोडा मूळचा रंग तुकड्यातुकड्यांनी उरला होता. खालचा पूर्ण गेलेला, आणि डाव्या कोपऱ्यातून पांढरा डाग हनुवटीकडे उतरू पाहत होता. कोड. मेट्रनबाईंचा हात ट्रेवर तसाच राहिला. शेजारी राहूनही मला हे ठाऊक नव्हते.

त्यानंतर जे झाले त्याला शिक्षा म्हणावे की दया, हे मला आजही कळत नाही. मेट्रनबाईंनी मावशींची बदली तळघरातल्या कपड्यांच्या खोलीत केली. कारण सांगितले ते असे, की तिथे रुग्णांची ये-जा नाही, कुणाच्या नजरेचा त्रास नाही आणि नियमाचाही प्रश्न नाही. बावीस वर्षांची खोली एका ओळीच्या आदेशाने गेली. मावशींनी कपाटाच्या किल्ल्या नव्या परिचारिकेला दिल्या, पाकिटांचा गठ्ठा दाखवला आणि त्या खाली निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तळघरात डोकावले. वाफाळलेल्या चादरींच्या ढिगाआड त्या घड्या घालत होत्या. ओठ विटकरी लाल होते.

"मन रमतं का इथं?" मी विचारले.

"चादरींना चेहरा नसतो," त्या म्हणाल्या.

इमारतीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. ती सुनेनेच पोचवली. सून मनाने चांगली. सासूला रोज टोमणे ऐकावे लागतात याचे तिला दुःख होते. तिने काकूंना एकदाचे सांगून टाकले, "हौस नाही हो ती. त्यांच्या ओठांवर कोड आहे. झाकायला लावतात."

इमारत एका दिवसात बदलली. दारातला झाडू दिसेनासा झाला. मावशी जिना उतरू लागल्या की काकू स्वतः बाजूला होऊन म्हणत, "सांभाळून हं, ताई." गॅलरीतून कुजबुज येई, "बिचारी. काय काय सोसलं असेल." मावशींनी आठवडाभर ऐकून घेतले. मग एका संध्याकाळी त्या माझ्याकडे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "टोमणे बरे होते. त्यांना उत्तर तरी द्यावं लागत नव्हतं. ह्या 'बिचारी'ला थँक्यू म्हणावं लागतं."

दोन महिन्यांनी थिएटरात ती घटना घडली.

नवी परिचारिका तिशीतली, प्रामाणिक आणि कामाला चोख होती. तिने आयुष्यात कधी ओठांना काही लावले नव्हते. त्या दिवशीची रुग्ण एका कार्यालयातली अधिकारी होती. परिचारिकेने तक्त्याप्रमाणे विचारले, "लिपस्टिक, नेलपॉलिश काही आहे का?" ती बाई नाही म्हणाली. परिचारिकेने पाहिले, ओठ ओठांच्याच रंगाचे, नखे नखांच्याच रंगाची. तिने तक्त्यावर दोन्हीकडे 'नाही' लिहिले. त्वचेच्या रंगाचीही लिपस्टिक असते, ती दिवसभर निघत नाही, आणि नखांवर पातळ गुलाबी थर देऊन तो दिव्याखाली पक्का करतात, हे तिला कुणी सांगितले नव्हते. ज्याने कधी रंग लावला नाही, त्याला न दिसणारा रंग दिसणार कसा?

शस्त्रक्रिया अर्ध्यावर असताना श्वासनळीतली नळी जराशी सरकली. बोटाचा चिमटा आकडा कधी दाखवी, कधी नाही. भूलतज्ज्ञांनी ओठ पाहिले. ओठ गुलाबी होते. त्या गुलाबी रंगावर विश्वास ठेवण्यात काही क्षण गेले. मग त्यांनी बाईचे तोंड उघडून जीभ पाहिली. जीभ निळी पडली होती. नळी सरळ केली, श्वास परतला, बाई वाचली. दोन दिवस जास्त राहून घरी गेली. पण भूलतज्ज्ञ थिएटरबाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बाईचे ओठ पुसूनही स्वच्छ राहिलेला कापूस होता. नवी परिचारिका भिंतीला टेकून रडत होती. मेट्रनबाईंना त्यांनी एवढेच विचारले, "आपल्या त्या मावशी कुठं आहेत?"

त्या संध्याकाळी मेट्रनबाई स्वतः तळघरात उतरल्या. मावशींनी त्यांना चादरींच्या पेटाऱ्यावर बसायला जागा करून दिली. मेट्रनबाईंनी विचारले, "तुम्हाला कळलं असतं?"

"कडेला कळतं," मावशी म्हणाल्या. "ओठाच्या रेघा भरलेल्या असतात. आणि बाई हसताना ओठ जपून हसते." मग म्हणाल्या, "त्या पोरीला रागावू नका. तिला शिकवलं नाही कुणी."

मेट्रनबाईंना त्यांना परत न्यायचे होते, पण परिपत्रकही मोडायचे नव्हते. त्यांनी वाट काढली. परिपत्रकाच्या शेवटी वैद्यकीय कारणासाठी सूट देण्याची तरतूद होती. त्यांच्या सांगण्यावरून मी अर्ज तयार केला. नाव, हुद्दा, कोणत्या नियमातून सूट हवी, कारण. कारणाच्या रकान्यात मी टंकलिखित केले होते: 'त्वचाविकार (कोड)'. मावशींनी फक्त सही करायची होती. "उद्या सकाळी आणा," मेट्रनबाई म्हणाल्या. "दुपारपासून तुमची खोली तुम्हाला."

तो अर्ज घेऊन सून रात्रीच्या जेवणाआधी माझ्याकडे आली. मागोमाग मावशीही आल्या.

"तुम्ही तरी समजवा," सून म्हणाली. "सही करत नाहीत. खोटं का आहे त्यात? सगळ्या हॉस्पिटलनं बघितलंय आता."

"खोटं नाही," मावशी म्हणाल्या. "पण ते कारण नाही."

"आई, दहा-अकरा महिने राहिलेत. त्या खोलीसाठी तुमचा जीव तुटतो, मला काय दिसत नाही? झोपेत पाकिटांचे नंबर बोलता तुम्ही. एका सहीनं सगळं परत मिळतंय. काय जातंय तुमचं?"

मावशी खुर्चीवर टेकल्या. त्या माझ्याकडे पाहून बोलल्या. पण ते सुनेसाठी होते.

"ओठ पांढरे व्हायला लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आता तुला रंग लावायला कारण मिळालं. ह्यांनी काही म्हटलं नाही. एका रविवारी हातोडी घेऊन आरसा काढला आणि खिडकीत ठोकला. म्हणाले, इथं उजेड बरा आहे. कशाला, का, काही नाही. आयुष्यात तेवढ्या एकाच माणसानं मला कारण विचारलं नाही." त्यांनी अर्जाची घडी घातली. "आता कागदावर लिहून देऊ?"

जाताना सुनेने सासूच्या हातातली घडी काढून घेतली, नीट सरळ केली आणि परत दिली.

सकाळी मावशी कार्यालयात आल्या तेव्हा मेट्रनबाई माझ्याच टेबलाशी उभ्या होत्या. मावशींनी माझे पेन मागून घेतले, कारणाच्या रकान्यातले शब्द एका रेघेने खोडले आणि कागद पुढे सरकवला. सहीची जागा रिकामीच होती.

तो अर्ज आजही त्यांच्या फाईलमध्ये आहे. मीच तो लावला. खोडलेल्या शब्दांखाली मेट्रनबाईंच्या हस्ताक्षरात एक ओळ आहे, खाली दोघींच्या सह्या आहेत आणि तारीख आहे. त्या दुपारी किल्ल्या मावशींकडे परत आल्या. निवृत्तीपर्यंतचे महिने त्या खोलीत दोघी होत्या, मावशी आणि ती नवी परिचारिका. शेवटच्या आठवड्यात मी पडद्याबाहेरून तिचा आवाज ऐकला, "छान शेड आहे हो तुमची. कुठली?" इमारतीत काकूंनी पुन्हा झाडू हातात घेतला, कारण मावशींनी त्यांनाही खरे काय ते सांगून टाकले होते.

पण त्या सकाळी हे काहीच ठरलेले नव्हते. मेट्रनबाईंनी ती रेघ पाहिली. मग त्यांनी पेन उचलले आणि थकल्या आवाजात विचारले, "अहो, रकाना रिकामा ठेवता येत नाही मावशी. मग कारण काय लिहू?"

"कोड पस्तिसाव्या वर्षी आलं, मॅडम. लिपस्टिक मी एकोणिसाव्या वर्षापासून लावते. मला आवडते, म्हणून. तेवढंच लिहा, नाहीतर मी खाली चादरींच्या घड्या घालायला जाते."